चार गुंठ्यांची राई

आमच्या सेक्टरच्या बागेत मागच्या अंगाला पंपघर आहे. त्याच्याजवळची कंपाउंडची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी खचली. पोरं तिकडे जाऊ नयेत म्हणून तो कोपरा पत्रे ठोकून बंद केला. भिंतीचं काम लांबत गेलं आणि पत्रे तसेच राहिले. आत गवत कापायचं मशीन गेलं नाही, पाण्याचा पाइप गेला नाही, झाडू गेला नाही. जागा म्हणाल तर चार गुंठे, फार तर साडेचार.

पहिल्या पावसात तिथे टाकळा माजला. मागोमाग कुर्डू, आघाडा आणि कमरेएवढं गवत. टाकळ्याच्या पानांवर लहान पिवळी फुलपाखरं अंडी घालायची. सकाळी फिरायला गेले की मी पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी राहायची. गवताला तुरे आले, बी धरलं आणि ऑक्टोबरात ठिपकेवाल्या मुनिया उतरल्या. वीस-पंचवीसचा थवा, एकेका काडीला लोंबकळून दाणे टिपणारा. नवी मुंबईत राहायला आल्यापासून मी या बागेत येते, इथे मुनिया कधी पाहिली नव्हती. कशी दिसणार? बी धरेपर्यंत इथलं गवत कधी जगलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी पंपघराच्या भिंतीच्या चिरेत उंबर रुजला, कुठल्या तरी पाखराने नाहीतर वटवाघळाने आणून टाकलेला. रुईच्या दोन झुडपांवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या दिसू लागल्या. जंगली बदामाच्या रोपाची दोन रुंद पानं शिवून शिंपी पक्ष्याने घरटं केलं. आणि एका दुपारी मुंगूस पत्र्याखालून बाहेर आलं, माझ्याकडे बघून पुन्हा आत गेलं.

हे कुणी लावलं नव्हतं, कुणी पाणी घातलं नव्हतं. फक्त दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता.

यंदा मार्चमध्ये भिंत बांधून झाली. पत्रे निघाले आणि दुसऱ्याच दिवशी ब्रश कटर घेऊन दोघे जण आले. मी थांबवायला गेले, तर त्यातले वयस्कर मामा म्हणाले, "ताई, आमच्या हातात काय हाय? साफ दिसलं पायजे म्हणून सांगितलंय. इथं लॉन टाकायचंय." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी सुपरवायझरना फोन लावला, ते येईपर्यंत निम्मा कोपरा आडवा झाला होता. शिंप्याचं घरटं असलेलं बदामाचं रोपही त्यात गेलं. घरट्यात अंडी होती की नव्हती ते मला कळलं नाही, आणि मला ते शोधायचंही नव्हतं.

त्या दिवसापासून मी हे ज्याला त्याला सांगते आहे आणि इथेही तेच मांडायचं आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक सार्वजनिक बागेतला, मैदानाच्या कडेचा, तलावाच्या काठचा एक हिस्सा राखून ठेवायला हवा. दहातला एक. एकराची बाग असेल तर चार गुंठे. तिथे लॉन नको, पेव्हर ब्लॉक नकोत, दिवे नकोत. तिथला पातेरा, म्हणजे गळलेला पाला, उचलायचा नाही, गवताला बी धरू द्यायचं, सुकलेली फांदी धोक्याची नसेल तर झाडावर राहू द्यायची. आणि हे कुणाच्या मर्जीवर न ठेवता कागदावर आणायचं, म्हणजे सुपरवायझर बदलला तरी कोपरा बदलणार नाही.

ही कल्पना परदेशातून आयात करायची गरज नाही. माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला देवाची राई होती. आजी सरपणाला सगळा डोंगर पालथा घालायची, पण राईतली पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. तिथलं सगळं देवाचं आणि देव राखणदार. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या अशा देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. आजूबाजूचा डोंगर उजाड झाला तरी या तुकड्यांत जुनी झाडं, वेली आणि झरे टिकून राहिले, हे त्यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे कागदावर आलं. यातल्या कितीतरी राया लहान, अगदी मूठभर झाडांच्या आहेत. म्हणजे लहान तुकडा राखायची अक्कल आणि सवय आपल्याच गावांत होती. शहरात आलो तेव्हा गावदेवी बरोबर आली, जत्रा आली, पालखी आली, राई तेवढी मागे राहिली.

शहरात देवाच्या धाकावर जागा राखता येणार नाही हे मलाही कळतं. नियम आणि माणसं लागतील. पण आजीचा नियम किती सोपा होता ते आठवून पाहावं. अमुक झाड लावा असं त्यात काही नव्हतं. आतलं बाहेर न्यायचं नाही, एवढंच.

आता आपल्या बागांकडे बघू. मधोमध लॉन, त्याच्या कडेने जॉगिंग ट्रॅक, एका बाजूला ग्रीन जिम, घसरगुंडी-झोपाळे, कापून चौकोनी केलेली ड्युरांटाची कुंपणं, ओळीत लावलेले पाम, प्रवेशद्वाराशी कारंजं आणि शहराच्या नावाची मोठी अक्षरं. मला यातल्या बऱ्याच गोष्टी आवडतात. माझी नात त्याच झोपाळ्यावर वाढली. पण या बागेत पाखराच्या नजरेने फिरून पाहा. लॉनमध्ये दाणा नाही. पामच्या झाडात शिंप्याला शिवायला पान नाही. छाटलेल्या कुंपणाला फूल येत नाही, मग फुलातला मध पिणारा शिंजीर कशाला येईल? गुलमोहर मूळचा मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेतला. सावली देतात, सुंदर दिसतात, पण इथल्या अळ्यांना त्यांची पानं खायची फारशी सवय नाही. पाखरांची पिल्लं अळ्यांवर वाढतात. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लाला अळ्या आणि किडेच भरवते. ज्या बागेत पानांना भोकं पडत नाहीत त्या बागेत पिल्लांना भरवायला काही नसतं.

फुलपाखरांचं तर फारच काटेकोर असतं. प्रौढ फुलपाखरू कुठल्याही फुलावर बसेल, पण अंडी ठरलेल्या झाडावरच घालणार. राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये आपण ज्याला मान दिला ते निलवंत लिंबाच्या जातकुळीतली झाडं शोधतं. रुईवर येणाऱ्या फुलपाखराला रुईच लागते. आणि 'हळदीकुंकू' नावाचं जे देखणं फुलपाखरू आहे, पिवळं आणि कुंकवासारख्या लाल ठिपक्यांचं, ते अंडी घालतं बांडगुळावर. आपण आयतोबा माणसाला बांडगूळ म्हणतो आणि झाडावर दिसलं की तोडून टाकतो. त्याच बांडगुळाची फळं फुलटोच्या पक्षी खातो, चिकट बी फांदीला पुसतो, त्यातून नवं बांडगूळ उगवतं आणि त्यावर हळदीकुंकू वाढतं. आंब्याच्या एका फांदीवर एवढा संसार चालतो. सगळ्या आंब्यांवर बांडगूळ राहू द्या असं माझं म्हणणं नाही, त्याने झाड खंगतं हे खरं. राखीव कोपऱ्यातल्या एका झाडावर राहू द्या.

घोडबंदर रोडवरच्या ओवळे गावात ओवळेकर वाडीची फुलपाखरू बाग आहे. ठाण्यातली पुष्कळ मुलं तिथे पहिल्यांदा अळी, कोष आणि फुलपाखरू एका जागी बघतात. ती जागा अशी झाली कारण तिथे फुलांच्या जोडीला अळ्यांची झाडंही लावली आणि राखली. हे गुपित नाही. कुठल्याही बागेत करता येईल, सार्वजनिक पैशातून करता येईल.

साफसफाईबद्दल थोडं मोकळेपणाने बोलायला हवं, कारण अडचण तिथे आहे. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई देशात तिसरी आली. या शहराची नागरिक म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पहाटे पाच वाजता रस्ता झाडणाऱ्या बायांच्या कष्टाचं ते फळ आहे. पण स्वच्छतेची जी नजर आपण कमावली ती रस्त्यासाठी आहे. तीच नजर झाडाखालच्या मातीवर रोखली की पातेरा कचरा होतो. पातेरा म्हणजे झाडाने जमिनीला परत दिलेलं खत. त्याखाली गांडुळं, गोगलगायी, वाळवी, गोम आणि या सगळ्यांना खाणारी पाखरं. दयाळ आणि सातभाई पातेरा उलटून पोट भरतात. आपण तो रोज झाडून पोत्यात भरतो, गाडीने वाहून नेतो आणि मग झाडांना पोत्यातून खत आणून घालतो. काही ठिकाणी तो कोपऱ्यात जाळतातही. घनकचरा नियमांनी कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे, तरी जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे फिरणाऱ्यांना तो वास ओळखीचा आहे.

छाटणीचंही तसंच. पावसाळ्याआधीची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते. वाऱ्यात फांदी पडून माणूस दगावू नये म्हणून ती हवीच. पण दयाळ, बुलबुल, टिटवी यांची वीण याच महिन्यांत असते, आणि शिंपी पावसाळाभर घरटी करतो. रस्त्यावरच्या झाडांची छाटणी त्या काळात टाळता येणार नाही, बागेतल्या आतल्या झुडपांची नक्की टाळता येईल. ती दिवाळीनंतर करा. तांबट पक्षी सुकलेल्या फांदीत भोक कोरून पिल्लं वाढवतो, काळा भुंगाही मेलेल्या लाकडात घर करतो. ट्रॅकवर येणारी सुकी फांदी काढा, भिंतीकडची राहू द्या. पडलेलं खोड चिरून विकण्याऐवजी त्या कोपऱ्यात आडवं टाका. कुजायला त्याला काही वर्षं लागतात आणि तेवढी सगळी वर्षं त्यात वस्ती असते.

आपला कायदा झाडाला ओळखतो. १९७५ चा झाडे जतन कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जाही मिळाला. झाड तोडायचं तर नोटीस लागते, हरकती घेता येतात. झुडपाला आणि गवताला असं काही नाही. चार गुंठे करवंद, निर्गुडी आणि गवत एका सकाळीत सपाट केलं तर नियम मोडत नाही. म्हणून झाडांच्या संख्येवर शहराची हिरवाई मोजणं मला अपुरं वाटतं. भारद्वाजाला जाळी लागते, टिटवीला मोकळी खडकाळ जमीन लागते, मुनियेला उंच गवत लागतं. यांपैकी कुणाचीही गरज झाडांच्या गणनेत दिसत नाही.

तरीही हाताशी साधनं आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या सहभागाने तयार होणारी जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. ही नोंदवही संगणकातली फाइल होऊन पडण्याऐवजी प्रभागातल्या बागेत उघडली जावी. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूद आली. नेरूळच्या डीपीएस तलावाला याच मार्गाने २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाची मंजुरी मिळाली. सुमारे तीस एकरांचं ते पाणी आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे भरतीचं पाणी अडल्यावर रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, हाल झाले, ते आपण सर्वांनी पाहिलं. तो तलाव राखला जावा म्हणून आजूबाजूचे रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी वर्षानुवर्षं भांडले. खाडीतलं रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, १,६९० हेक्टरांचं, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. हजारो हेक्टरांपासून तीस एकरांपर्यंत आपण आलो आहोत. तीस एकरांपासून चार गुंठ्यांपर्यंत यायला नवा कायदा लागत नाही. सर्वसाधारण सभेचा एक ठराव, बागेच्या नकाशावर एक रेघ आणि देखभालीच्या ठेक्यात चार ओळी पुरतात. ठेक्यात जे लिहिलेलं असतं तेच जमिनीवर होतं. 'लॉनची नियमित कापणी' असं लिहिलं तर कापणी होणार. 'या भागात कापणी वर्षातून एकदा, जानेवारीत, निम्म्याच भागात' असं लिहिलं तर तेही होईल.

ब्रिटनमध्ये १९४९ च्या एका कायद्याने स्थानिक संस्थांना आपापल्या हद्दीत निसर्ग राखीव जागा जाहीर करायचा अधिकार दिला. लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ कोळशाच्या जुन्या आवारात १९८५ मध्ये कॅम्ली स्ट्रीटचं नैसर्गिक उद्यान सुरू झालं. ते दोनच एकरांचं आहे आणि आजूबाजूला एवढ्या इमारती उठल्या तरी ते टिकलं. आपल्याकडे तर धारावीच्या कडेला कचऱ्याच्या डेपोवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं, १९९४ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यानही जुन्या डम्पिंग ग्राउंडवरच आहे. कचऱ्यावर जर हे करता येतं तर बागेच्या चांगल्या मातीत का नाही?

आता आक्षेप. मी हे बोलायला लागले की पहिला शब्द येतो साप. दुसरा डास. तिसरा, थोडा आवाज खाली करून, "तिथे कोण कोण बसेल सांगता येत नाही." हे तिन्ही मी गंभीरपणे घेते, कारण ते बोलणारे माझेच शेजारी आहेत.

साप उंदरामागे येतो आणि उंदीर उष्ट्याखरकट्यामागे. बागेबाहेरच्या वडापावच्या गाडीमागे टाकलेले पाव, सोसायटीच्या उघड्या कचरापेट्या, तिथे उंदीर पोसले जातात. उंच गवत सापाला लपायला जागा देतं हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून राखीव भाग आणि ट्रॅक यांच्यामध्ये चार फुटांची कापलेली पट्टी हवी, जिथे काही आलं तर दिसेल. कमरेएवढं बांबूचं कुंपण हवं, म्हणजे चेंडू आणायला मूल एकदम आत शिरणार नाही. आणि सर्पमित्राचा नंबर फलकावर. दिसणारे पुष्कळसे साप धामण, दिवड असे बिनविषारी असतात, पण नाग आणि घोणस आपल्या भागात आहेत, तेव्हा निष्काळजीपणा नको.

डेंग्यूचा डास झुडपात जन्मत नाही. तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतो. कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये, फ्रिजमागच्या ट्रेमध्ये, शहाळ्याच्या करवंटीत. मोठा झाल्यावर तो सावलीत, पानांआड बसतो हे खरं आहे, म्हणून राखीव कोपऱ्यात प्लॅस्टिकचा एक कपसुद्धा पडलेला चालणार नाही. दर आठवड्याला कुणीतरी आत जाऊन कचरा वेचलाच पाहिजे. पातेरा नाही, कचरा. पाणी ठेवायचंच असेल तर गप्पी मासे सोडलेलं लहानसं तळं ठेवा. चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खाऊन वाढतात. डासांच्या नावाने झुडपं कापणारे आपण बांधकामांवरच्या उघड्या टाक्यांकडे किती बघतो?

तिसऱ्या आक्षेपाबद्दल मला बाई म्हणून बोलायचं आहे. पहाटे साडेपाचला मी एकटी फिरते. ट्रॅकच्या अगदी लगत माणसाच्या उंचीची जाळी असेल तर मलाही भीती वाटेल. तेव्हा रचना अशी हवी की ट्रॅककडे गुडघाभर गवत, त्यामागे कंबरेपर्यंत झुडपं आणि उंच झाडं भिंतीला लागून. नजर आरपार गेली पाहिजे. ट्रॅकवरचे दिवे राहू द्यावेत, त्यांचा झोत फक्त खाली, वाटेवर असावा, आत झुडपांत नको. ज्या बागेत गर्दुल्यांचा त्रास आहे तिथे आधी पहारा द्या, मग राई करा. हा क्रम चुकला तर पहिल्याच तक्रारीला सगळं कापलं जाईल आणि पुढची वीस वर्षं कुणी नाव काढणार नाही.

एक आक्षेप मात्र मला सर्वांत वजनदार वाटतो. शहरात मुलांना खेळायला जागा नाही, त्यात तुम्ही पाखरांना जागा मागता? मुलांच्या मैदानातली एक फूटही जागा घेऊ नये असं माझंही मत आहे. ज्या बागेत मैदानच आहे आणि दुसरं काही नाही, तिथे फक्त कुंपणाच्या कडेला झुडपं लावावीत. पण प्रत्येक बागेत असा एक तुकडा असतो ज्यावर पाटी असते, 'हिरवळीवर चालू नये'. त्यावर मुलांना खेळता येत नाही, म्हाताऱ्यांना बसता येत नाही. तो फक्त बघायचा. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने त्याला पाणी पाजायचं, मशीन चालवायचं, खत घालायचं. मी मागते आहे ती जागा ही. इथल्या मातीतली रोपं पहिले दोन उन्हाळे पाणी मागतील, नंतर आपली आपण जगतील.

"येऊरचं जंगल आहे ना, मग बागेत कशाला?" असंही ऐकते. येऊर आहे, पारसिकचा डोंगर आहे, दुसऱ्या बाजूला खाडी आणि खारफुटी आहे. ठाणे आणि नवी मुंबई या दोहोंच्या मध्ये पसरलेली आहेत. डोंगरातून खाडीकडे जाणाऱ्या पाखराला, फुलपाखराला मध्ये टेकायला काय उरलं आहे ते नकाशावर पाहा. सेक्टरासेक्टरातल्या बागा ही टेकायची ठिकाणं होऊ शकतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. पंचाण्णव गावांच्या भातखाचरांवर, मिठागरांवर आणि खाजणांवर हे शहर आखलं गेलं. आखणाऱ्यांनी प्रत्येक नोडमध्ये बागांना जागा ठेवली, हे त्यांचं मोठं देणं आहे. दुसरं असं की येऊरला जायला सवड लागते, गाडी लागते. घरकामाला जाणाऱ्या बाईच्या मुलाला अळीचं फुलपाखरू होताना बघायचं असेल तर ते त्याच्या घरापासून पाच मिनिटांवर दिसायला हवं.

मियावाकीबद्दल माझं मत काहींना रुचणार नाही. जपानचे अकिरा मियावाकी यांची पद्धत अभ्यासातून आलेली आहे, त्या त्या जागेची मूळ झाडं शोधणं हा तिचा गाभा. आपल्याकडे त्यातलं फक्त दाट लावणं उचललं गेलं. दर चौरस मीटरला तीन-चार रोपं, सगळी झाडंच, कुंपण, फीत कापणं आणि रोपांचा आकडा. जिथे उघडी-बोडकी, तापलेली जागा आहे तिथे ती उपयोगी पडेल. पण बागेच्या कोपऱ्यात मला दाट बंद भिंतीसारखं रान नको आहे. थोडं गवत, थोडी झुडपं, एखादा उंबर, एखादा पांगारा, थोडी उघडी माती, असं विस्कटलेलं हवं. उंबराला वर्षातून अनेकदा फळ धरतं. बाकी सगळं सुकलेलं असतानाही तिथे पाखरं, वटवाघळं, खारी येतात. जागा थोडी असेल तर मी उंबर पहिला लावेन. त्यानंतर करवंद, निर्गुडी, कुडा, ताम्हण. बहावा तर हवाच.

हात लावायचा नाही म्हणजे विसरून जायचं असंही नाही. नुसतं सोडलं तर पाच वर्षांत घाणेरी आणि सुबाभूळ सगळं गिळतील. ती उपटावी लागतील, दर वर्षी. गवत जानेवारीत, बी गळून गेल्यावर, अर्धं कापायचं आणि अर्धं पुढच्या वर्षासाठी ठेवायचं, म्हणजे वणव्यासारखी आगही लागत नाही आणि किड्यांना आसरा राहतो. हे काम ओळखणारी माणसं आपल्याकडे आहेत. आगरी-कोळी गावांतल्या आजीला टाकळा आणि कुर्डू पानावरून कळतात, तिने त्यांची भाजी केलेली असते. येऊरच्या पाड्यांतून रानभाज्या घेऊन ठाण्याच्या बाजारात बसणाऱ्या बाया कुठलं झुडूप कुठे रुजेल ते सांगतील. त्यांना मानधन देऊन बागेत बोलवा. ठेकेदाराच्या माणसांना दोन दिवसांचं शिक्षण द्या. ज्या मामांनी आमचा कोपरा कापला त्यांचं गाव साताऱ्याकडचं, शेती केलेला माणूस. "हे तण न्हवं, ही रुई हाय, मारुतीला वाहत्यात," हे त्यांनीच मला सांगितलं, मशीन बंद केल्यावर. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी ती रुई कापली नसती.

मला एका गोष्टीची धास्ती आहे आणि ती लपवायची नाही. उद्या कुणी म्हणेल, प्रत्येक बागेत राई केली, आता ही पाणथळ जागा भरायला, हा डोंगर फोडायला हरकत काय? हरकत आहे. चार गुंठ्यांत बिबट्या राहत नाही, रोहित उतरत नाहीत, पावसाचं पाणी तुंबू न देणारी खारफुटी वाढत नाही. लहान तुकड्यातल्या जाती एकेक करून गळतात, आजूबाजूला मोठं रान असेल तरच त्या पुन्हा येतात. आमच्या कोपऱ्यात मुनिया आल्या, कारण कुठल्या तरी मोठ्या गवताळ जागेत त्या अजून शिल्लक आहेत. ती जागा गेली तर आमच्या गवताला कितीही बी धरो, थवा उतरणार नाही.

पंपघरामागचा निम्मा कोपरा अजून उभा आहे. सुपरवायझर भले गृहस्थ आहेत. त्यांनी उरलेल्या भागाला पावसाळा संपेपर्यंत हात लावणार नाही असं तोंडी सांगितलं. मी लेखी मागितलं तर म्हणाले, "मॅडम, लेखी द्यायचा कागदच आमच्याकडे नाही. या जागेला कागदावर लॉनच म्हणतात." मग आम्ही सोसायट्यांमधल्या सोळा जणांनी मिळून एक अर्ज लिहिला. त्यात जागेचं माप आहे, भिंतीपासून ट्रॅकपर्यंतचा हाताने काढलेला नकाशा आहे आणि दोन वर्षांत तिथे दिसलेल्या एकतीस जिवांची नावं आहेत. माझ्या नातीने नावं सुवाच्य अक्षरात लिहून काढली. तिच्या शाळेतल्या दोन मैत्रिणींनी मुंगूस पाहिलं होतं, म्हणून त्यांच्याही सह्या घेतल्या.

काल संध्याकाळी कापलेल्या भागात टाकळ्याचे कोंब दिसले, वळवाच्या एका सरीनंतर. रुईच्या बुडख्यालाही चार पानं फुटली आहेत.